पावसाळी डोंगरवाट आणि पायातला जोडा



ज्येष्ठ सरत आला आणि पहिल्या सरी कोसळू लागल्या, की आमच्या पुण्या-मुंबईकडील तरुण मंडळींचे पाय घरात ठरत नाहीत. रविवारी पहाटेची गाडी धरावयाची, एखाद्या गडाच्या पायथ्याशी उतरावयाचे, दिवसभर धुक्यात आणि पाण्यात भटकावयाचे आणि रात्री चिखलाने माखलेल्या स्थितीत घरी परतावयाचे, हा त्यांचा नेम. या नेमात मीही गेली चाळीस वर्षे सामील आहे. अलीकडे फरक पडला तो इतकाच, की माझ्या परतण्याची वाट घरची मंडळी जरा अधिक काळजीने पाहतात. आपल्यापैकी जे श्रोते दिल्लीत, इंदुरात, बडोद्यात, हैदराबादेस किंवा बंगळूरला राहतात, त्यांनाही हे वेड अपरिचित नसावे. त्यांचे डोंगर निराळे, परंतु पाय तेच, आणि पायांची गाऱ्हाणीही बहुधा तीच.

या मंडळींकडून दर वर्षी मला एक प्रश्न हटकून विचारला जातो. "काका, उबदार हवेत एका दिवसाच्या भटकंतीसाठी हलके आणि आत पाणी न शिरणारे बूट कोणते घ्यावेत?" प्रश्न सरळ आहे. पण त्यात दोन विशेषणे आहेत. बूट हलके असावेत हे मला मान्य आहे. ते जलरोधक असावेत याविषयी मात्र माझी तक्रार आहे. ती तक्रार आज आपणांपुढे मांडावी असा विचार आहे. कारखान्यांची आणि दुकानांची नावे आकाशवाणीवरून घेण्याची रीत नाही, आणि ही रीत मला सोयीचीच वाटते. एखादे नाव सांगितले की ऐकणारा ते कागदावर टिपून घेतो आणि पुढचे ऐकत नाही, असा माझा अनुभव आहे.

तक्रारीचे मूळ माझ्या स्वतःच्या पायात आहे. काही वर्षांपूर्वी, माझ्या साठीनिमित्त, मुलाने मला बुटांचा एक जोडा भेट दिला. घोट्याच्या वर जाणारा, भक्कम तळाचा, आतून एका पातळ पटलाचे अस्तर लावलेला. पेटीवर, पाणी आत शिरणार नाही, अशी हमी छापलेली होती. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तो पायात चढवून आम्ही चौघेजण लोणावळ्याहून राजमाचीस निघालो. ही वाट चढाची नाही. पंधरा-सोळा किलोमीटरांची, बहुतेक सपाट, रानातून जाणारी. मात्र पावसाळ्यात तिच्यावर ओढे आडवे येतात. पहिला तासभर मी माझ्या जोड्यावर बेहद्द खूष होतो. बरोबरच्यांचे कापडी बूट केव्हाच भिजले होते आणि माझे मोजे कोरडे होते. ही गोष्ट मी त्यांना दोनदा तरी ऐकविली असेन.

मग पहिला मोठा ओढा आला. पाणी गुडघ्याच्या जरा खाली होते. ते बुटाच्या कापडातून आत आले नाही, पेटीवरची हमी अगदी खरी ठरली. ते वरून, घोट्याभोवतीच्या मोकळ्या जागेतून आले आणि दोन्ही बूट काठोकाठ भरले. पलीकडे गेल्यावर माझ्या सोबत्यांच्या बुटांतून चार पावलांत पाणी निथळून गेले. माझ्या बुटांतून ते जाईना. जे पटल बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही, ते आतले पाणी बाहेर तरी कसे जाऊ देणार? मी दगडावर बसून बूट काढले, उपडे केले, मोजे पिळले, पुन्हा चढविले. अर्ध्या तासाने दुसरा ओढा आला. पुढचे सर्व अंतर मी पायांत दोन लहान पाणपिशव्या बांधल्यासारखा चाललो.

राजमाचीच्या पायथ्याशी उधेवाडी हे गाव आहे. तेथे एका घरी जेवावयास बसलो तेव्हा पाय उघडे करून पाहिले. तळव्यांची कातडी पांढरी फटक पडून सुरकुतली होती आणि दोन्ही टाचांवर रुपयाएवढे फोड आले होते. घरधनी नुकताच शेतावरून आला होता. त्याच्या पायांत बाजारात मिळणारे साध्या प्लॅस्टिकचे, भोकाभोकांचे बूट होते. त्याने माझ्या जोड्याकडे कौतुकाने पाहिले, उचलून वजन अजमावले आणि म्हणाला, "काका, आमच्यात पानी येतं आन् जातं. तुमच्यात आलं की मुक्कामालाच ऱ्हातं."

आता हे पटल म्हणजे काय, हे थोडे समजून घेतले पाहिजे, म्हणजे त्यावर अन्याय होणार नाही. रॉबर्ट गोर या अमेरिकन संशोधकाने १९६९ साली टेफ्लॉनच्या जातीचे एक प्लॅस्टिक तापवून एकदम झटक्याने ताणले. ते तुटले नाही. ते कित्येक पटींनी लांब झाले आणि त्यात डोळ्यांना न दिसणारी असंख्य रंध्रे पडली. ही रंध्रे इतकी सूक्ष्म की पाण्याचा थेंब त्यांतून जाऊ शकत नाही, पण पाण्याची वाफ जाऊ शकते. १९७६ च्या सुमारास अशा पटलाचे कापड बाजारात आले आणि पुढे ते बुटांतही शिरले. बाहेरचा पाऊस बाहेर आणि पायाचा घाम वाफ होऊन तोही बाहेर, अशी ही योजना आहे. योजना उत्तम आहे यात शंका नाही. परंतु ती चालावी कशी, हे हवेवर अवलंबून असते.

वाफ आपण होऊन बाहेर जात नाही. आतल्या हवेत वाफेचा दाब अधिक आणि बाहेर कमी असेल, तरच ती जाते. पायाजवळची ओलसर हवा ३४ अंश सेल्सिअस धरली तर तेथे वाफेचा दाब सुमारे ५३ मिलिबार होतो. थंड देशात, बाहेर ५ अंशांची ओलसर हवा असेल, तर तिच्यातील वाफेचा दाब जेमतेम ९ मिलिबार असतो. म्हणजे आत-बाहेर ४४ मिलिबारांचा फरक पडला. आमच्या सह्याद्रीत जुलै महिन्यात दिवसाचे तापमान २५ अंशांच्या आसपास असते आणि हवा पाण्याने तुडुंब असते. तिच्यातील वाफेचा दाब ३२ मिलिबारांच्या घरात जातो. फरक उरला २१. घाम बाहेर ढकलणारी शक्ती अशी निम्म्यावर येते, आणि घाम मात्र दुप्पट सुटतो. कारण तळपायांवर घर्मग्रंथींची जेवढी दाटी आहे तेवढी, तळहात सोडले, तर अंगावर अन्यत्र कोठेही नाही. शिवाय बुटाच्या वरच्या कापडावर पाणी न धरणारा जो लेप दिलेला असतो तो चिखलाने आणि घासण्याने उडून जातो. मग ते कापड भिजून जड होते आणि वाफेची उरलीसुरली वाटही अडते. थोडक्यात, ओढा नाही भेटला तरी दुपारपर्यंत पाय ओले व्हावयाचेच, पावसाने नाही तर स्वतःच्याच घामाने.

उबदार ओलीत पाय तासन्तास राहिले म्हणजे काय होते, याचा धडा लष्करांनी फार मोठ्या किमतीला घेतला आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या सुमारास, अमेरिकन सैन्याने पनामाच्या जंगलात निरनिराळ्या बुटांच्या चाचण्या घेतल्या. तेथे त्यांनी जलरोधक बुटाचा हट्ट सोडला आणि कॅनव्हासचा, रबरी तळाचा, हलका बूट स्वीकारला. पाणी येणारच हे गृहीत धरून, ते लवकर निघून जावे आणि पाय लवकर सुकावा, अशी त्याची रचना होती. आत प्लॅस्टिकच्या जाळीचा तळपट्टा होता, म्हणजे तळव्याखाली हवा खेळावी. पुढे व्हिएतनामच्या युद्धात वापरलेल्या बुटांना आतल्या बाजूस, पायाच्या कमानीपाशी, पाणी निघून जाण्यासाठी धातूची बारीक छिद्रेच ठेवलेली होती. तरीही भातशेतांच्या चिखलात दिवसेंदिवस उभ्या राहणाऱ्या सैनिकांची कातडी सुजून सोलवटत असे आणि वैद्यकात त्या विकाराला स्वतंत्र नाव द्यावे लागले. आपली भटकंती एका दिवसाची. तेवढ्यात हा विकार होत नाही. पण मऊ पडलेल्या कातडीवर फोड यावयास चार तास पुरेसे होतात, आणि फोड आलेला माणूस उतरताना पाऊल वाकडे टाकतो. वाकडे पाऊल ओल्या कातळावर पडले की मग प्रश्न फोडांचा राहत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे, की उबदार पावसात जोड्याचे काम पाणी अडविण्याचे नव्हे. त्याने जमीन धरावी, पायाला बसावे, हलके असावे आणि आलेले पाणी जाऊ द्यावे. यांपैकी जमीन धरण्याचे काम पहिले, कारण जीव त्यावर टांगलेला असतो.

बुटाच्या रबरी तळाला दाते असतात हे आज आपणांस नवल वाटत नाही. त्यांच्यामागे एक दुःखद हकीकत आहे. १९३५ साली इटालियन आल्प्समधील पुंता रासिका या शिखरावर गेलेल्या एका तुकडीला वादळाने गाठले आणि सहा जणांचा मृत्यू झाला. त्या काळी चढाईस जाणारे लोक खिळे मारलेले जड बूट पायथ्याशी काढून ठेवीत आणि खडकावर पातळ तळाचे मऊ जोडे घालीत. वर बर्फ पडू लागल्यावर ते मऊ जोडे निरुपयोगी ठरले आणि जड बूट तर खाली राहिलेले. या प्रसंगाचा घाव मनावर बसलेल्या व्हिताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाने खडक आणि बर्फ दोन्हींवर चालेल असा, खोल दात्यांचा रबरी तळ तयार केला. १९३७ साली त्याचे पेटंट घेतले गेले आणि १९५४ मध्ये इटालियन पथक के-टू शिखरावर प्रथम पोहोचले ते अशाच तळांचे बूट घालून. आज जगभर जे दातेरी तळ दिसतात त्यांचा वंश येथून सुरू होतो.

पण आल्प्सच्या खडकावर उपयोगी पडणारा तळ आपल्या बेसॉल्टवर तसाच उपयोगी पडेल असे नाही. सह्याद्रीचा काळा कातळ उन्हाळ्यात पाऊल घट्ट धरतो. पावसाळ्यात त्यावर शेवाळाचा पातळ, हिरवट, कधी कधी डोळ्यांना दिसतही नाही असा थर चढतो. कडक रबराचा तळ फार दिवस टिकतो खरा, परंतु ओल्या कातळावर तो काचेवर ठेवल्यासारखा सरकतो. मऊ रबर लवकर झिजते आणि पकड मात्र चांगली देते. एक जोडा दहा वर्षे पुरवावा, ही आपल्या मध्यमवर्गाची सवय मला ठाऊक आहे, मीही त्यातलाच. तरी या एका बाबतीत टिकाऊपणाचा मोह सोडावा असे मी आग्रहाने म्हणेन. दुकानात अंगठ्याचे नख तळाच्या रबरात रोवून पाहावे; ते किंचित रुतले पाहिजे. दुकानदार भला असेल तर फरशीवर पेलाभर पाणी ओतून त्यावर पाऊल घासून पाहावे. मी असे करू लागलो की माझा मुलगा दुकानाच्या बाहेर जाऊन उभा राहतो, हा भाग निराळा.

दात्यांविषयी दोन शब्द. चिखलासाठी दाते खोल हवेत, साधारण चार-पाच मिलिमीटर, आणि त्यांच्यामध्ये अंतर मोकळे हवे. दाते दाटीचे असले की त्यांत माती भरून तळ सपाट होतो आणि बूट मडक्यासारखा जड होतो. उलट सपाट कातळावर दात्यांपेक्षा रबराचा जितका भाग खडकाला चिकटेल तितका बरा. आपल्या वाटांवर चिखल आणि कातळ एकाच तासात भेटतात, तेव्हा फार टोकदार व विरळ दातेही नकोत. उन्हाळ्याच्या अखेरीस, पाऊस पडण्यापूर्वी, सुकलेल्या मुरमाच्या उतारावर जो घसारा असतो, तेथेही हेच मध्यम दाते उपयोगी पडतात. आणि एक गोष्ट स्पष्ट बोलून टाकतो. शेवाळलेल्या, वाहत्या पाण्याच्या कातळावर जगातील कोणताही तळ भरवशाचा नाही. तेथे गवताच्या मुळाशी, खडकाच्या खडबडीत कडेशी पाऊल टाकावे, नाही तर बसून उतरावे, नाही तर परत फिरावे. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र या संस्थेचे स्वयंसेवक रात्री-बेरात्री दऱ्यांत उतरून अडकलेल्यांना वर आणतात. त्यांना अशी तसदी देण्यापेक्षा अर्ध्या वाटेवरून परतणे काही वाईट नाही.

आता वजन. पायातले ओझे पाठीवरच्या ओझ्यापेक्षा कितीतरी महाग पडते, ही जुन्या वाटसरूंची समजूत प्रयोगांनीही खरी ठरली आहे. सैनिकांवर केलेल्या मोजमापांत पायातील वजन पाठीवरील तेवढ्याच वजनाच्या सुमारे पाच-सहा पट शक्ती खाते असे दिसले. धावणाऱ्यांच्या बाबतीत प्रत्येक पायावर १०० ग्रॅम वाढले की सुमारे १ टक्का अधिक ऊर्जा लागते असे आढळले. आपण आपला साधा हिशोब करू. पंधरा किलोमीटरांच्या वाटेवर वीस हजारांच्या आसपास पावले पडतात, म्हणजे प्रत्येक पाय दहा हजार वेळा उचलावा लागतो. भक्कम उंच बूट आणि हलका जाळीदार बूट यांत एका पायामागे ३०० ग्रॅमचा फरक धरला, तर संध्याकाळपर्यंत एका पायाने ३ हजार किलो वजन जास्तीचे उचललेले असते. त्यात भिजलेल्या अस्तराचे वजन मी धरलेलेच नाही. मला विचाराल तर एका दिवसाच्या भटकंतीस एक बूट ३००-४०० ग्रॅमच्या आत असावा. त्याहून हलका मिळत असेल तर जरा थांबावे. फार पातळ तळातून अणकुचीदार दगड तळव्याला टोचतात आणि बाभळीचा काटा तर थेट आत येतो.

घोटा झाकणारा उंच बूट घेतला की पाय मुरगळत नाही, ही समजूतही तपासून पाहण्याजोगी आहे. १९९३ साली अमेरिकेत बास्केटबॉल खेळणाऱ्या ६०० हून अधिक विद्यार्थ्यांची उंच व आखूड बूट देऊन तुलना केली गेली; घोटे मुरगळण्याच्या प्रमाणात त्यांना लक्षणीय फरक आढळला नाही. खेळाचे मैदान म्हणजे डोंगर नव्हे, हे मला कळते. पाठीवर पंधरा-वीस किलोंचे ओझे घेऊन आठ दिवस हिमालयात चालावयाचे असेल तर मीही उंच बूट घेईन. पाठीवर पाण्याची बाटली, दोन पोळ्या आणि चटणी एवढेच ओझे असणाऱ्याने घोट्यापर्यंत बांधून घेण्याचे फारसे कारण मला दिसत नाही. ज्यांचा घोटा पूर्वी दुखावलेला आहे त्यांनी मात्र आपल्या वैद्याचे ऐकावे, माझे नव्हे.

जोडा पायाला बसतो की नाही, हे दुकानात सकाळी कळत नाही. दिवसभरात, विशेषतः उन्हात चालून, पाय थोडे सुजतात. म्हणून खरेदीस संध्याकाळी जावे आणि डोंगरात जे मोजे वापरावयाचे तेच घालून जावे. नाड्या सोडून पाय पुढे सरकवावा. टाचेमागे एक बोट सहज शिरले पाहिजे. मग टाच मागे दाबून नाड्या बांधाव्या आणि चालून पाहावे. टाच वर उचलली जाता कामा नये, आणि चवडा इतका मोकळा हवा की बोटे आत हलवता यावीत. पुढची परीक्षा उतारावरची. दुकानात उताराची फळी नसली तर पायरीवर टाच ठेवून चवडा खाली झुकवावा आणि जरा दाबून पाहावे. अंगठा पुढे आपटला की समजावे, तीन हजार फूट उतरल्यावर नख काळे पडणार. माझ्या उजव्या अंगठ्याचे नख अशा निष्काळजीपणाने दोनदा गेले आहे. उतरण्यापूर्वी नाडी घोट्यापाशी एक आढा अधिक घालून घट्ट बांधली तर पाय पुढे घसरत नाही. हे करावयास अर्धे मिनिट लागते आणि तरीही शंभरांत नव्वद लोक करीत नाहीत.

मोज्यांकडे तर कोणी पाहतही नाही. सुती मोजे घरात सुखाचे. पावसात ते पाणी पिऊन बसतात आणि कातडीवर खरखर घासतात. नायलॉन-मिश्रित किंवा बारीक लोकरीचे पातळ मोजे बरे. लोकर उबदार हवेत नको असे वाटेल, पण पातळ लोकर भिजली तरी पायाला चिकटत नाही. एक कोरडी जोडी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून जवळ ठेवावी आणि माथ्यावर जेवताना बदलावी. बदलण्यापूर्वी पाय दहा मिनिटे वाऱ्यावर उघडे ठेवावेत. हा उपाय फुकटचा आहे आणि मला तो कोणत्याही पटलापेक्षा अधिक उपयोगी पडला आहे.

चपला आणि पट्ट्यांचे सँडल यांविषयी मला विचारतात. सपाट, पाणथळ वाटेवर पट्ट्यांचे सँडल छान. चढावर चिखल तळवा आणि सँडल यांच्यामध्ये शिरतो आणि पाय आतल्या आत घसरू लागतो. बोटे उघडी राहतात ती निराळीच.

आता एक दुखरी हकीकत. माझे एक स्नेही, निवृत्त शिक्षक, तोरण्यावर आमच्याबरोबर आले होते. त्यांनी पाच-सहा वर्षांपूर्वी घेतलेला एक उंची जोडा दोन-तीनदा वापरून, तेल-पाणी करून, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर जपून ठेवला होता. वरून पाहता नवाकोरा. उतरताना, वेल्ह्याच्या बाजूच्या निसरड्या सोंडेवर, त्यांच्या डाव्या बुटाचा तळ समोरून उघडला आणि मगरीच्या तोंडासारखा वासला. आम्ही सुतळीने तो बांधला. पन्नास पावलांवर उजवाही निघाला. पुढे एका दगडावरून सुतळी सटकली, ते हातावर पडले आणि मनगटाचे हाड मोडले. माणूस वाचला हे नशीब. डावीकडे दोन हात सरकले असते तर तेथे काही अडविणारे नव्हते.

त्या जोड्याचा दोष कारागिराचा असेल असे आम्ही तेव्हा म्हटले. नंतर कळले की कारण निराळे होते. अनेक बुटांच्या तळव्यात पॉलियुरेथेन नावाच्या फोमचा थर असतो. हवेतील ओलावा वर्षानुवर्षे त्याच्या रेणूंच्या कड्या तोडीत राहतो आणि एक दिवस तो थर जुन्या पापडासारखा चुरतो. दमट हवेत आणि बंद पिशवीत हे अधिक वेगाने होते. वापरात असलेल्या बुटापेक्षा जपून ठेवलेल्या बुटाचे हे भोग अधिक. ज्या हलक्या बुटांत दुसऱ्या प्रकारचा, ईव्हीए नावाचा फोम असतो, तो असा चुरत नाही. तो दबून कडक होतो, आणि त्यांचाही डिंक सुटू शकतोच. म्हणून माळ्यावरून काढलेला जोडा पायात घालण्यापूर्वी तो दोन्ही हातांनी पुरता वाकवून पाहावा, तळाच्या कडेला भेगा दिसतात का ते पाहावे, अंगठ्याने फोम दाबावा. भुसभुशीत लागला तर त्या जोड्यावर प्रेम असले तरी डोंगरात नेऊ नये. आमचे स्नेही आता दर जूनमध्ये आम्हां सर्वांचे जोडे वाकवून पाहतात. त्यांचा हात पुरता बरा झाला आहे, परंतु फळ्यावर लिहिताना तो दुखतो, अशी तक्रार ते करतात. फळ्यावर लिहिण्याचा प्रसंग त्यांना आता फक्त नातवाला शिकविताना येतो.

भिजलेला बूट वाळवावयाचा कसा, हेही याच ओघात आले. चुलीजवळ किंवा हीटरसमोर ठेवू नये. उष्णतेने डिंक मऊ पडतो. आतला तळपट्टा आणि नाड्या काढाव्यात, जुनी वर्तमानपत्रे चुरगाळून आत कोंबावीत, दोन तासांनी ती बदलावीत आणि बूट पंख्याखाली आडवा ठेवावा. जाळीदार बूट पावसाळ्यातही रात्रभरात बहुतेक सुकतो. पटलाच्या अस्तराचा सुकावयास माझ्या घरी दोन-तीन दिवस लागतात आणि त्या अवधीत घरात जो वास पसरतो त्याबद्दल बोलण्याचा अधिकार माझ्या पत्नीचा आहे.

हे सर्व मी सह्याद्री डोळ्यांपुढे ठेवून बोललो. इतरत्र राहणाऱ्या श्रोत्यांनी आपल्या मातीप्रमाणे त्यात फेरफार करावा. इंदूर-भोपाळकडील मंडळी पचमढीस, धूपगडाच्या परिसरात जातात. तेथला वालुकाश्म अंगाने खरखरीत आहे, आणि पाऊस नसता तो पाऊल चांगले धरतो. बंगळूरची मंडळी पावसाळ्यात कुद्रेमुखाकडे वळली की त्यांना पाण्यापेक्षा जळवांचा बंदोबस्त करावा लागतो. तेथे घट्ट विणीचे, गुडघ्यापर्यंत येणारे मोजे विजारीवरून चढवून बांधतात. बूट जलरोधक आहे की नाही याची जळू चौकशी करीत नाही, तीही वरूनच येते.

आणि आता, ज्या जोड्याची मी इतकी निंदा केली त्याला न्याय देतो. माझी मुलगी दिल्लीस असते. दोन वर्षांमागे नोव्हेंबरात तिच्याबरोबर मसुरीच्या पलीकडे नागटिब्ब्यावर गेलो. हे शिखर ३ हजार मीटरांहून थोडे उंच आहे. पहाटे वाटेवरचे गवत दवाने निथळत होते, पुढे सावलीत कोठे कोठे पातळ बर्फ होते, हवा बोचरी आणि कोरडी. पायात मुलाने दिलेला तोच जोडा होता. चार तासांत तो बाहेरून चिंब झाला, पण वाटेत ओढा नव्हता आणि हवा थंड असल्यामुळे घामाला वाट मिळाली. संध्याकाळी मी मोजे काढले तेव्हा ते कोरडे होते. बरोबरचे दोन तरुण जाळीचे बूट घालून आले होते. त्यांची बोटे दहा वाजेपर्यंत बधिर झाली होती. ओल थंड असेल, वरवरची असेल, आणि पाणी घोट्याच्या वर चढणार नसेल, तर हे पटल आपली हमी चोख पाळते. हिवाळ्यातल्या आपल्या गडांवरही सकाळच्या दवापुरते ते चालेल. पण तेवढ्यासाठी एवढी किंमत मोजावी की नाही, हे ज्याने त्याने आपल्या खिशाला विचारावे.

म्हणून तो जोडा मी टाकलेला नाही. वर्षाचे आठ महिने तो कपाटात उघडा असतो, पिशवीत नाही, आणि दर ऑक्टोबरात मी त्याचा तळ वाकवून पाहतो. जुलैमध्ये राजमाचीस जाताना मात्र माझ्या पायांत आता साधे, जाळीचे, मऊ रबराचे बूट असतात, आणि ओढा आला की मी थांबत नाही. उधेवाडीच्या त्या घरी अजून जेवावयास जातो. घरधनी माझ्या पायांकडे पाहतो आणि काही न बोलता आधी तांब्या आणि मग पाट पुढे सरकवतो.